एका परदेशी प्रवाशाने पाहिलेले बीदर



बीदर हे नाव आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पोचले ते दामाजीपंतांच्या कथेमुळे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, बीदरच्या बादशहाचा कोप झाला, आणि साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरून आला, असे परंपरा सांगते. कीर्तनात ही कथा रंगते तेव्हा मंगळवेढे डोळ्यांपुढे उभे राहते. बीदर मात्र नुसते नावच उरते. ते शहर होते तरी कसे, आणि लांबच्या गावातले धान्य त्याला कशासाठी लागत होते, हे आज आपण पाहू.

उदगीरकडून गेले की बीदर फार लांब नाही. आज ते कर्नाटक राज्यात आहे. तरी कानडीच्या जोडीला मराठी आणि उर्दूही तिथे कानांवर पडते. शहर वसले आहे एका उंच पठाराच्या काठावर. दगड तांबडा, मातीही तांबडी. बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आपली राजधानी गुलबर्ग्याहून इथे हलवली. त्याने तट बांधला, बुरूज उभारले. किल्ल्याच्या एका अंगाला खडक फोडून एकामागे एक असे तीन खंदक खोदलेले आहेत. पठारावर पाणी टिकवणे कठीण, म्हणून इराणी पद्धतीने जमिनीखालून कालवे काढले. त्यांना कारेझ म्हणतात. शहराच्या मधोमध, जिथे रस्ते एकत्र येतात तिथे, चौबारा नावाचा गोल मनोरा आहे. त्यावरून चहूकडे नजर ठेवता येई.

आता हे शहर भरात असताना तिथे गेलेल्या एका माणसाची गोष्ट ऐका. त्याचे नाव अफनासी निकितीन. रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा हा व्यापारी. वाटेत लुटला गेला, तरी इराणमार्गे होर्मुझ बंदरात पोचला आणि तिथून एक घोडा बरोबर घेऊन १४७० च्या सुमारास आपल्या कोकणातल्या चौलला उतरला. चौलजवळ रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. पुढे घाट चढून तो जुन्नरला आला. तिथे पावसाळ्याने त्याला अडकवून ठेवले. चहूकडे पाणी आणि चिखल. अशा दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, याचे त्याला मोठे नवल वाटले! जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदल म्हणून दडपण आणले. एका भल्या खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो त्या संकटातून सुटला आणि घोड्यासह बीदरला पोचला.

तिथे त्याने काय पाहिले? सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे. प्रत्येक दरवाज्यावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. आत कोण गेला, बाहेर कोण आला, सगळ्याची लेखी नोंद. वाड्याचा दगड न् दगड कोरलेला आणि सोन्याने रंगवलेला. रात्री कोतवालाची हजार माणसे चिलखते घालून, घोड्यांवर बसून, हातांत मशाली घेऊन शहरात गस्त घालीत. सरदार रुप्याच्या पालख्यांतून फिरत; त्यांच्या पुढे सोन्याच्या साजाचे घोडे, मागे शेकडो स्वार आणि प्यादे, शिवाय वाजंत्री.

पण निकितीन दरबारचा भाट नव्हता. तो साधा व्यापारी होता आणि त्याची नजर साऱ्या गोष्टींवर फिरत होती. या देशात माणसे पुष्कळ आहेत, सरदार अतिशय श्रीमंत आहेत आणि खेड्यातली रयत मात्र फार हलाखीत आहे, अशा अर्थाचे त्याने आपल्या टिपणांत लिहून ठेवले. आणखी एक नोंद त्याने सहज केली आहे. इथे घोड्यांना हरभरा चारतात, आणि साखर व लोणी घालून खिचडीही शिजवून देतात! खेड्यातल्या माणसाची ती दशा आणि पागेतल्या घोड्याचा हा थाट. मंडळी, शहराला धान्य कशासाठी लागत होते, याचे उत्तर इथे मिळते. तटाच्या आत स्वार होते, पागा होत्या, हत्ती होते, कारकून होते. या सगळ्यांचे पोट तटाच्या बाहेर पिकत होते. गावचा वसूल ठाण्याला पोचवण्याचे काम पूर्वी महाराकडे असे. विठ्ठलाने कथेत नेमके तेच रूप का घेतले असेल, याचाही विचार करण्यासारखा आहे.

हे ओळखणारा एक माणूस तटाच्या आतही होता. तो म्हणजे वजीर महमूद गावान. हाही मूळचा इराणातला, व्यापारी म्हणूनच आलेला. जमीन मोजून सारा ठरवावा, असा प्रयत्न त्याने केला. मोठे सुभे तोडून लहान केले आणि सुभेदारांच्या हातातले किल्ले कमी केले. १४७२ मध्ये त्याने बीदरमध्ये तीन मजली मदरसा बांधला, लांबून विद्वान बोलावले, मोठा ग्रंथसंग्रह जमवला. त्या इमारतीचा एक मनोरा आणि भिंतीवरच्या रंगीत फरशांचा काही भाग अजून टिकून आहे. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने बाकीचा बराच भाग पडला.

गावानचा शेवट वाईट झाला. ज्या सरदारांचे हितसंबंध दुखावले, त्यांनी त्याच्या शिक्क्याचे एक बनावट पत्र तयार केले. तो ओरिसाच्या राजाला फितूर झाला आहे, असे सुलतानाला दाखवले. चौकशी न करता सुलतानाने १४८१ मध्ये या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. पुढच्याच वर्षी सुलतान वारला. नंतर राज्याचे तुकडे होत गेले: अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बीदर. तीन खंदकांचा बीदरला काय उपयोग झाला? येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारे कारकून होते. पण खोटे पत्र बाहेरून आलेच नव्हते.

शिक्षकबंधूंना एक विनंती. मुलांची सहल बीदरला नेलीत तर तट, खंदक, चौबारा, मदरसा सगळे जरूर दाखवा. कारागिरांनी हाताने घडवलेले ते काम पाहून मुलांची छाती भरून येऊ द्या. मग तटावर उभे राहून त्यांना बाहेरची शेते दाखवा आणि विचारा, या भिंती उभारणाऱ्यांना भाकर कोणी दिली? त्या प्रश्नाचे उत्तर मुले आपली आपण शोधतील. निकितीनला आपले गाव पुन्हा दिसले नाही. परतीच्या वाटेवरच तो वारला. त्याची वही मात्र पोचली, आणि तिच्यामुळे बीदरच्या तटाबाहेरच्या रयतेची दोन वाक्ये आपल्यापर्यंत आली.