जिव्हासंयम (ख्रिस्ती)

असत्य, चहाडी व मर्मभेदक शब्द यांपासून वाणीला आवरून धरण्याचा ख्रिस्ती नीतिशास्त्रातील आचार. याचे मूळ मोशेच्या दहा आज्ञांपैकी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणाऱ्या आज्ञेत असून, कॅथलिक व ल्यूथरपंथीय तिला आठवी, तर इतर बहुतेक प्रॉटेस्टंट नववी मानतात. मुळात तिचा रोख न्यायासनासमोरील जबानीवर असला, तरी पुढे तिची व्याप्ती ओसरीवरील बोलण्यापर्यंत वाढली, हे योग्यच झाले. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला लगाम, सुकाणू व रान पेटविणारी ठिणगी यांच्या उपमा आहेत. आणि ज्या मुखाने देवाचे स्तवन, त्याच मुखाने देवाच्या प्रतिरूपास शाप, या विसंगतीवर ठेवलेले बोट आजही झोंबते.

संत ऑगस्टीनने इ. स. ३९५ च्या सुमारास लिहिलेल्या असत्यविषयक प्रबंधात थागास्तेचा बिशप फर्मस याची हकिकत दिली आहे : आश्रयास आलेल्या माणसाच्या शोधार्थ बादशहाचे शिपाई आले असता, आपण खोटे बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही, असे सांगून त्याने निमूटपणे यातना सोसल्या, अखेर त्याच्या धैर्याने प्रभावित होऊन बादशहाने त्या माणसास माफी दिली.

कॅथलिक नीतिशास्त्र खोटा आळ आणि खऱ्या पण गुप्त दोषाचा अकारण बोभाटा, दोन्ही पाप मानते. हिरावलेली अब्रू शक्य तितकी भरून देणे पापनिवेदनानंतरही बंधनकारक राहते, म्हणजे ज्यांच्यापुढे आळ घेतला त्यांच्याचपुढे तो मागे घ्यावा लागतो.