गोंधळापासून पॉडकास्टपर्यंत : नांदेड–लातूरचा श्राव्य वारसा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतला इतिहास जितका वाचला गेला, त्याहून कितीतरी जास्त ऐकला गेला. याचा सर्वांत जुना आणि भक्कम आधार म्हणजे गोंधळ. माहूरच्या रेणुकेचे उपासक रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे कदमराई, अशा गोंधळ्यांच्या दोन शाखा. लग्नकार्य झाले की कुळाचार म्हणून यांना बोलावणे जाते. अंगणात चौक भरून घट मांडतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे सुरू होते. गणानंतर देवदेवतांना त्यांच्या-त्यांच्या गावाचे नाव घेऊन गोंधळाला आवतण दिले जाते. उत्तररंगात नायक आख्यान लावतो आणि साथीदार त्याला मध्येच अडवून शंका विचारतो. ती शंका मुळात समोर बसलेल्या श्रोत्याची असते. तिचे उत्तर मिळाल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही. ही विद्या पोथीतून नव्हे, बापाच्या मागे उभे राहून कानाने शिकायची.

ऐकलेले पारखून लिहून ठेवण्याची रीतही मराठीत जुनी आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचा सहवास ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवला, त्यांना आठवणी विचारत फिरून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले.

आवाज दूरवर नेण्याचे साधन विसाव्या शतकात आले. हैदराबाद संस्थानात 1930च्या दशकात रेडिओ सुरू झाला. 1950 मध्ये तो आकाशवाणीत सामावला गेला आणि पुढे परभणी, नांदेड येथे केंद्रे झाली. अडचण एवढीच होती, की कार्यक्रमाची वेळ केंद्राने ठरवलेली असे. पेरणीच्या दिवसांत शेतावर असलेल्याचा कार्यक्रम हुकला की हुकलाच.

हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या पॉडकास्टने ही अडचण काढून टाकली. हे नाव 2004 मध्ये रूढ होऊ लागले. 2010 मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि बीबीसी यांनी शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगणारी मालिका केली. प्रत्येक भाग सुमारे पंधरा मिनिटांचा. वस्तू डोळ्यांसमोर नसतानाही नुसत्या वर्णनाने श्रोता खिळून राहतो, हे तिने दाखवून दिले. 

मराठवाड्याच्या या भागाला ही पद्धत फार मानवणारी आहे. इथला वारसा एका इमारतीत मावणारा नाही. माहूरला राज्य शासनाचे संग्रहालय आहे. पण कंधारचा खंदकाने वेढलेला किल्ला, देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, औशाजवळची खरोसा लेणी आणि 1760 च्या लढाईने प्रसिद्ध झालेले उदगीर एकमेकांपासून लांब आहेत. तिथल्या फलकावर चार ओळींपलीकडे मजकूर मावत नाही. कंधार परिसरात एका अवाढव्य क्षेत्रपाल मूर्तीचे विखुरलेले अवशेष सापडले आहेत. तिचा आकार आकड्यांनी नव्हे, दगडी पावलाशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या बोलण्यातूनच कळेल. शिवाय किनवट–माहूरकडे गोरमाटी आणि कोलामी, सीमेलगत तेलुगू आणि कन्नड, शहरांत दखनी, नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात कीर्तनातली पंजाबी अशा अनेक भाषा इथे बोलल्या आणि गायल्या जातात. छापील पुस्तिकेत त्यांचा ध्वनी उतरत नाही.

सर्वांत निकडीचे काम मात्र माणसांच्या आठवणींचे आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान निजामाच्या राजवटीतून मुक्त झाले. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीच्या आसपास आहेत. निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांच्या काळात गाव सोडून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या शिबिरात राहिलेल्यांच्या हकिगती बहुतांशी घरातल्या घरातच राहिल्या. भूकंपाच्या आठवणीही अशाच जपायला हव्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. दगडमातीची जड घरे कोसळली आणि हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांना जुनी गल्ली, वाडा, पार अजून घरागणिक सांगता येतात. पुनर्वसित गावांत जन्मलेल्या पिढीला ते गाव केवळ त्यांच्याच तोंडून कळू शकते.

ध्वनिमुद्रणाला आता चांगला मोबाइल आणि शांत खोली पुरते. खरी मेहनत त्यानंतरची असते : सांगणाऱ्याची संमती घेणे, त्याचे गाव आणि मुद्रणाची तारीख नोंदवणे, तपशील कागदपत्रांशी ताडून पाहणे आणि मूळ फाइल न कापता संग्रहालयात किंवा विद्यापीठात जपून ठेवणे.