तप्तपृष्ठ प्रज्वलक

तप्तपृष्ठ प्रज्वलक किंवा हॉट सरफेस इग्नायटर हा घरगुती गॅस फर्नेसमधील बर्नर पेटवणारा विद्युत घटक आहे. गॅस फर्नेस म्हणजे गॅस जाळून हवा तापवणारे व ती हवा नळमार्गांतून घरभर खेळवणारे यंत्र होय. अमेरिका व कॅनडा या देशांत हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. पूर्वी अशा यंत्रात बर्नरजवळ एक लहान ज्योत सतत तेवत ठेवली जाई. गॅसच्या बचतीसाठी १९८० च्या दशकापासून या ज्योतीची जागा विद्युत प्रज्वलनाने घेण्यास सुरुवात झाली.

प्रज्वलक हा झिजणारा भाग असल्याने काही वर्षांनी तो निकामी होणे स्वाभाविक आहे. मात्र एकाच फर्नेसमध्ये तो थोड्या थोड्या महिन्यांनी निकामी होत असेल, तर मूळ दोष बहुधा यंत्रात इतरत्र असतो.

रचना व कार्य

प्रज्वलक सिलिकॉन कार्बाइड किंवा सिलिकॉन नायट्राइड या पदार्थांपासून बनवतात. सिलिकॉन कार्बाइडचा प्रज्वलक ठिसूळ असून तो सामान्यतः ३ ते ५ वर्षे टिकतो. सिलिकॉन नायट्राइडचा प्रज्वलक अधिक कणखर व दीर्घायुषी असतो. विद्युतप्रवाह सुरू होताच प्रज्वलकाचे तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. स्वयंपाकघरातील गॅस लायटरप्रमाणे येथे ठिणगी पडत नाही. तापलेल्या पृष्ठभागामुळे गॅस पेट घेतो.

थर्मोस्टॅटने उष्णतेची मागणी नोंदवल्यावर प्रथम धूर बाहेर टाकणारा पंखा सुरू होतो. हवेचा प्रवाह योग्य असल्याची खात्री दाब स्विच करतो. त्यानंतर प्रज्वलक काही सेकंद तापतो, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योत संवेदकाला ज्योतीतून वाहणारा काही मायक्रोअँपिअरचा सूक्ष्म प्रवाह मिळाला, तरच झडप उघडी राहते. तो न मिळाल्यास नियंत्रक गॅस बंद करून पुन्हा प्रयत्न करतो व ठरावीक प्रयत्नांनंतर यंत्र थांबवतो.

वारंवार बिघाडाची कारणे

प्रत्येक प्रज्वलनात घटक झपाट्याने तापतो व थंड होतो. त्यामुळे त्याचे आयुष्य वर्षांपेक्षा प्रज्वलनांच्या संख्येवर अधिक अवलंबून असते. प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

* अपुरा हवाप्रवाह : हवेचा फिल्टर तुंबल्यास उष्णता-विनिमयक अतितप्त होतो. तापमर्यादा स्विच बर्नर बंद करतो व थंड झाल्यावर यंत्र पुन्हा पेटते. हे चक्र दिवसभर चालू राहते.
* गरजेपेक्षा मोठे यंत्र : घर लवकर तापते व यंत्र अल्पकाळातच बंद होते. परिणामी दिवसभरातील प्रज्वलनांची संख्या वाढते.
* मळलेला ज्योत संवेदक : बर्नर पेटूनही ज्योतीची नोंद होत नाही आणि प्रज्वलकास पुन्हा पुन्हा तापावे लागते.
* जास्त विद्युतदाब : उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट पुरवठ्यासाठी ११४ ते १२६ व्होल्ट हा सामान्य पल्ला मानला जातो. दाब सतत याहून अधिक असल्यास प्रज्वलक प्रमाणाबाहेर तापतो.
* ओलावा व धूळ : उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धुरातील वाफेचे पाणी होते. त्याचे थेंब तापलेल्या प्रज्वलकावर पडल्यास तडा जातो. बांधकामाची धूळही पृष्ठभागास हानी पोहोचवते.
* चुकीची बसवणूक : प्रज्वलक ज्योतीच्या आत फार खोल असल्यास, धातूच्या भागास टेकत असल्यास किंवा यंत्राच्या कंपनाने हादरत असल्यास तो लवकर तुटतो.

तपासणी

वीज व गॅस बंद करून, यंत्र थंड झाल्यावर प्रज्वलकावर तडा किंवा पांढरट डाग आहे का, हे पाहतात. १२० व्होल्टच्या सिलिकॉन कार्बाइड प्रज्वलकाचा रोध थंड स्थितीत साधारणतः ४० ते ९० ओहम असतो व वयोमानानुसार तो वाढत जातो. नायट्राइडच्या प्रज्वलकांचा रोध प्रकारानुसार वेगळा असल्याने उत्पादकाने दिलेला आकडा प्रमाण मानतात. मल्टिमीटरवर अनंत रोध दिसल्यास घटक तुटलेला असतो.

प्रज्वलक तापण्याच्या वेळी त्याच्या जोडणीवर योग्य दाब मिळूनही तो लाल होत नसेल, तर दोष प्रज्वलकात असतो. दाबच मिळत नसेल, तर नियंत्रक, दाब स्विच किंवा तारा तपासाव्या लागतात. अशा वेळी प्रज्वलक बदलून उपयोग होत नाही.

नवा प्रज्वलक बसवल्यानंतर यंत्राची काही पूर्ण चक्रे पाहणे महत्त्वाचे असते. थर्मोस्टॅटवरील तापमान गाठण्यापूर्वीच बर्नर बंद पडत असेल व पंखा चालूच राहत असेल, तर अतितापाची शक्यता असते. बर्नर पेटून काही सेकंदांतच विझत असेल, तर संशय ज्योत संवेदकावर जातो. प्रज्वलक हाताळताना तापणाऱ्या भागास बोटे लावत नाहीत, कारण त्वचेवरील तेलकटपणा व मीठ यांमुळे त्या जागी अतिताप होऊन तडा जाऊ शकतो.

सुरक्षितता

सततच्या अतितापामुळे उष्णता-विनिमयकालाही तडा जाऊ शकतो. तसे झाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व विषारी वायू घरातील हवेत मिसळण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून कारण न शोधता केवळ प्रज्वलक बदलत राहणे घातक ठरू शकते. अशा घरांत कार्बन मोनॉक्साइड सूचक यंत्र बसवण्याची शिफारस केली जाते. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता घराबाहेर पडून गॅस पुरवठादारास कळवावे लागते. तप्तपृष्ठ प्रज्वलक असलेला बर्नर काडीने पेटवणे धोकादायक असते. गॅसचा दाब व विनिमयक यांची तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घेतली जाते.