नऊ म्हणजे कुठले नऊ?

मंडळी, आता आपण मुंबईकडे येऊ. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली: ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे. फरक ३९ मिनिटांचा! शहरानं जुनी वेळ सोडली नाही. ‘मुंबई टाइम’ १९५५पर्यंत टिकला. नऊला भेटायचं, तर कुठले नऊ ते विचारावं लागे.

सॉफ्टवेअरपुढे आज हाच प्रश्न आहे. घडून गेलेली घटना आपण जागतिक वेळेत नोंदवली की भागतं. पुढच्या वर्षीच्या भेटीचं तसं नाही. प्रमाणवेळ हा माणसांचा करार; सरकार तो मध्येच बदलू शकतं. म्हणून तिथे स्थानिक वेळेसोबत गावाचं नावही जपायला हवं.