राबत्या कपड्यांची बढती

जाड, भरड आणि स्वस्त अशा एका सुती कापडाला इंग्रज व्यापारी सतराव्या शतकापासून ‘डंगरी’ म्हणत आले. हे नाव मुंबईतल्या डोंगरीवरून पडले, असे कोशकार मानतात. मराठी वाचकाला डोंगरी आठवते ती टिळक-आगरकरांच्या १८८२ च्या तुरुंगवासामुळे. कापडाच्या बाजारात मात्र तिचे नाव त्याच्या कितीतरी आधी साता समुद्रापार गेले होते. या कापडाची शिडे होत, तंबू होत, आणि जहाजावरच्या खलाशांचे कपडेही होत. साहेबाच्या अंगाला ते लागत नसे. पुढे कापडाचे नाव त्यापासून शिवलेल्या कपड्यालाच चिकटले. आज छातीपट्टीच्या पँटला डंगरी म्हणतात आणि ती मॉलमध्ये टांगलेली असते.

मेहनतीच्या कामासाठी शिवलेला कपडा हौसेने घालण्याची आज सर्रास रीत आहे. जीन्स, डंगरी, खलाशाचा बनियनवजा टी-शर्ट, सैनिकाची खाकी पँट, फ्रेंच कामगाराचा निळा कोट, लाकूडतोड्याचा जाड चौकड्यांचा शर्ट या सगळ्यांचा प्रवास साधारण एकाच वाटेने झाला. ज्याला ते काम करावे लागत नाही अशा माणसाने कपडा अंगावर चढवला, की त्याची बढती सुरू होते. या वाटेचा सर्वांत सविस्तर दाखला जीन्सचा आहे.

जीन्सचे कापड म्हणजे डेनिम, आणि त्याची सगळी करामत विणीत आहे. ताण्याचे धागे निळीत रंगवलेले असतात आणि बाण्याचे पांढरेच राहतात. बाण्याचा धागा ताण्याच्या तीन धाग्यांखालून जातो आणि एकावरून. त्यामुळे कापडाची सुलट बाजू निळी दिसते, उलट बाजू पांढरट, आणि अंगावर तिरप्या रेघा उमटतात. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, वरवर बसते. कापड गुडघ्याला, खिशाच्या कडेला, बसायच्या जागी घासले की ती निघते आणि आतला पांढरा गाभा डोकावतो. निळ्या रंगावर मळ लवकर दिसत नाही, म्हणून कष्टकऱ्यांच्या कपड्यांसाठी तो सोयीचा होता. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणेपर्यंत ही नीळ शेतात पिकवावी लागे. ती पिकवणाऱ्यांचे हाल बंगालच्या १८५९-६० च्या उठावाने आणि पुढे १९१७ च्या चंपारण लढ्याने जगापुढे आणले. त्या निळीचा रंग पुढे जगभर हौसेने मिरवला गेला.

जीन्सचा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. रिगाहून अमेरिकेत आलेला जेकब डेव्हिस नेवाडातल्या रीनो गावात तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवत असे. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या पँटी टिकत नाहीत, काहीतरी दणकट शिवून द्या, असे तिचे म्हणणे होते, आणि तिने तीन डॉलर आगाऊ दिले. पँट फाटते ती खिशाच्या कोपऱ्यांशी, हे डेव्हिसला ठाऊक होते. झुलींना पट्टे जोडण्यासाठी आणलेले तांब्याचे रिव्हेट मेजावरच पडले होते. त्याने ते खिशांच्या कोपऱ्यांत ठोकले. पँट ‘डक’ नावाच्या जाड, पांढऱ्या कापडाची होती. बघता बघता तिची मागणी वाढली, तशी ही कल्पना कोणी उचलेल अशी धास्ती त्याला वाटू लागली. पेटंटची फी ६८ डॉलर होती आणि तेवढी रक्कम त्याला एकट्याने उभी करायची नव्हती. १८७२ मध्ये त्याने कापड पुरवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लीव्हाय स्ट्राउस यांना पत्र लिहून भागीदारी सुचवली. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले, क्रमांक १,३९,१२१. जगातला सर्वांत यशस्वी कपडा म्हणायचा तर तो एका तक्रारीतून निघाला.

या पँटची प्रत्येक खूण कामाशी बांधलेली होती. रिव्हेट खिसा फाटू नये म्हणून, पुढचा चिमुकला खिसा साखळीच्या घड्याळासाठी, कमरेची बटणे गॅलिस अडकवायला, मागची बक्कलपट्टी कंबर आवळायला. मागे दुसरा खिसा १९०१ मध्ये आला, आणि पट्ट्यासाठी लूप १९२२ मध्ये. तोवर या कपड्याला कोणी जीन्स म्हणत नव्हते. तो ‘वेस्ट ओव्हरऑल’ होता, खाणमजूर, गुराखी आणि लोहाराचा. डेट्रॉइटमध्ये हॅमिल्टन कारहार्ट १८८९ पासून रेल्वे कामगारांसाठी छातीपट्टीचे ओव्हरऑल बनवत होता. कष्टकऱ्यांच्या या कपड्यामागे सगळ्याच कष्टकऱ्यांबद्दल आपुलकी होती असे मात्र नाही. कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध वातावरण तापले तेव्हा लीव्हाय कंपनीने आपला माल गोऱ्या कामगारांनीच बनवलेला असल्याची जाहिरात केली होती.

मध्यमवर्गाने हा कपडा पहिल्यांदा मोठ्या संख्येने घातला तो हौसेपोटी नव्हे, रागापोटी. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कपड्यांचे भाव भडकले. १९२० च्या एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या शहरांत ‘ओव्हरऑल क्लब’ निघाले. सूट परवडत नाही, म्हणून कारकून, वकील आणि विद्यार्थी मजुरांचे ओव्हरऑल घालून कामावर जाऊ लागले. जॉर्जियाचे काँग्रेस सदस्य विल्यम अपशॉ तर ओव्हरऑल घालून सभागृहात आले. झाले असे, की मागणी वाढल्याने ओव्हरऑलचेच भाव चढले आणि ज्यांना खरोखर ते घालून राबायचे होते त्यांच्या खिशाला चाट बसली. काही आठवड्यांत चळवळ विरून गेली. गांधीजी भारतात खादीचा आग्रह धरत होते तोही हाच काळ. फरक एवढाच, की खादीवाल्यांनी कापड स्वतः कातून-विणून घ्यायचे ठरवले होते. ओव्हरऑल क्लबवाल्यांनी दुसऱ्याच्या दुकानातले पळवले.

हौस आली १९३० च्या दशकात, तीही मंदीमुळे. गुरांचा धंदा बसल्यावर पश्चिमेकडच्या अनेक कुरणमालकांनी शहरी पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवायला सुरुवात केली. पूर्वेकडचे सुखवस्तू लोक पंधरा दिवस गुराखी होऊन राहत आणि परतताना जीन्स घेऊन जात. हॉलिवूडचे गुराखीपट होतेच. १९३४ मध्ये बायकांसाठी ‘लेडी लीव्हाय’ आली आणि पुढच्या वर्षी ‘व्होग’सारख्या फॅशनच्या मासिकात तिची जाहिरात झळकली. घोड्यावर न बसणाऱ्याने गुराख्याची पँट घालायची, ही सवय इथून लागली. तिची खूण कपड्यावरही उमटली: मागच्या खिशांचे रिव्हेट खोगिरावर आणि घरातल्या-शाळेतल्या लाकडी बाकांवर ओरखडे काढतात अशा तक्रारी आल्या, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले. खाणीतल्या मजुराला ही अडचण कधी आली नसती. त्याच्याकडे जपायला बाकच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने दोन गोष्टी केल्या. कारखान्यांत आलेल्या लाखो बायकांच्या अंगात ओव्हरऑल आले, आणि कापड-धातूची काटकसर करण्यासाठी सरकारने कपड्यांवर निर्बंध घातले. लीव्हायच्या मागच्या खिशावरची दुहेरी कमान दोऱ्याने शिवायची ती रंगाने रंगवण्याची वेळ आली. कामवाल्या बायका युद्धकामाला गेल्यामुळे घरातली कामे ज्यांच्यावर पडली अशा सुखवस्तू गृहिणींसाठी क्लेअर मॅकार्डेल या रचनाकर्तीने १९४२ मध्ये डेनिमचा ‘पॉपओव्हर’ झगा काढला. किंमत ६.९५ डॉलर, आणि सोबत त्याच कापडाचा, भट्टीतले भांडे उचलायचा हातमोजा. झाडलोट करून त्याच झग्यात पाहुण्यांना सामोरे जावे, असा त्यामागचा विचार होता. कामाच्या कपड्याला बैठकीत नेण्याचा इतका उघड प्रयत्न त्याआधी क्वचितच झाला असेल.

युद्धानंतर सैनिक सरकारी मदतीवर कॉलेजात गेले. त्यांच्या खाकी पँटी सोबत गेल्या आणि ब्लेझरखाली बसल्या. राबता कपडा रोजच्या वापरात कसा घालायचा याचा अलिखित नियम इथे दिसतो: एकावेळी एकच नग कामाचा, बाकीचे दुसऱ्या घरचे. खाकी पँटवर ब्लेझर चालतो. पूर्ण गणवेश घातला तर माणूस ड्युटीवर असल्यासारखा वाटतो. हा नियम मोडण्यात जी गंमत असते ती बिंग क्रॉस्बीच्या वाट्याला आली. १९५१ मध्ये व्हँकुव्हरच्या एका हॉटेलाने या नामांकित गायकाला डेनिम घातल्यामुळे खोली नाकारली, तेव्हा लीव्हायने त्याला चक्क डेनिमचा टक्सिडो शिवून दिला.

हॉटेलांचा विरोध तर काहीच नव्हता. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ मध्ये मार्लन ब्रँडो आणि १९५५ च्या ‘रेबेल विदाउट अ कॉज’ मध्ये जेम्स डीन जीन्समध्ये दिसले आणि अनेक शाळांनी ती वर्गात घालायला बंदी केली. बंदीने व्हायचा तो परिणाम झाला. पोरांनी या पँटसाठी जे नाव घेतले होते, ‘जीन्स’, ते कंपन्यांनाही घ्यावे लागले.

याच सुमारास हा कपडा पुन्हा एकदा खऱ्या कष्टकऱ्यांच्या नावाने घातला गेला. १२ एप्रिल १९६३ रोजी बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि राल्फ ॲबरनॅथी यांना अटक झाली ती डेनिमच्या कपड्यांत. शहरातल्या वर्णभेदी दुकानांतून ईस्टरची नवी खरेदी करायची नाही, हा तिथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याचा भाग होता. मिसिसिपीच्या खेड्यांत मतदारनोंदणी करणारे तरुण कार्यकर्ते कुळांसारखे ओव्हरऑल घालत. त्यांच्या आई-वडिलांच्या पिढीला हे आवडले असेलच असे नाही. शेतातून सुटका म्हणजे ओव्हरऑलमधून सुटका, असे मानून ती पिढी रविवारी कडक इस्त्रीत चर्चला जात होती. वरून खाली उतरणाऱ्याला जाडाभरडा कपडा शोभतो. खालून वर चढू पाहणाऱ्याला तो खुपतो. भारतात आंबेडकरांचा सूट आणि गांधीजींचा पंचा यांच्यातले अंतर ज्याला कळते त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

जपानला हा कपडा अमेरिकन सैनिकांकडून मिळाला. जुन्या जीन्स टोकियोच्या बाजारात विकल्या जाऊ लागल्या. ओकायामा प्रांतातल्या कोजिमा गावात शाळेचे गणवेश शिवण्याचा जुना धंदा होता. तिथे १९६५ मध्ये अमेरिकन कापड आणून जीन्स शिवायला सुरुवात झाली. १९७३ मध्ये कुराबो गिरणीने जपानी डेनिम विणले. पुढे अमेरिकन गिरण्या वेगवान मागांकडे गेल्या तेव्हा जपानी कारागिरांनी धोट्याचे जुने, संथ माग जपले. आज जुन्या अमेरिकन मजुराच्या पँटची सर्वांत काटेकोर नक्कल कोजिमात होते, आणि ती त्या मजुराला परवडली नसती अशा भावात विकली जाते.

कपडा राबलेला दिसावा ही हौसही वाढली. वर्षानुवर्षे घासून येणारा विटका रंग गिऱ्हाइकाला दुकानातच हवा झाला. प्युमिस दगडांसोबत कापड धुण्याची रीत निघाली, मग वाळूचा मारा करून रंग उडवण्याची. वाळूच्या बारीक धुळीने मजुरांची फुप्फुसे निकामी होत. तुर्कस्तानात तरुण कामगार सिलिकोसिसने मेले, तेव्हा २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. न केलेल्या कामाचा देखावा उभा करण्यासाठी ज्यांना खरोखर काम करावे लागले, त्यांचा हिशेब फॅशनच्या इतिहासात फार कमी ठिकाणी येतो.

भारतात ही वाट उलटी चालली. इथे जीन्स मजुराच्या अंगावरून आली नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा चोरट्या मालातून आली. मजुराचा पंचा, गिरणी कामगाराचा पायजमा, हमालाची बंडी असल्या अस्सल राबत्या कपड्यांना ही बढती मिळाली नाही. सत्तरीच्या दशकात पुण्या-मुंबईच्या चळवळ्या तरुणांनी जीन्सवर खादीचा झब्बा आणि खांद्याला शबनम अशी जोडी जमवली. भारतीय मजुराशी त्या पँटचा काही संबंध नव्हता, पण साधेपणाची ती खूण म्हणून चालून गेली. पहिला देशी ब्रँड ‘फ्लाइंग मशीन’ १९८० मध्ये आला. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९८७ पासून डेनिम विणायला घेतले.

जीन्स खेड्यात पोहोचवली ती अरविंदच्याच १९९५ च्या ‘रफ अँड टफ’ने. तयार पँटऐवजी कंपनीने १९५ रुपयांत एक पाकीट विकले: न शिवलेले डेनिम, चेन, रिव्हेट, बटण आणि कमरेला लावायचा बिल्ला. शिवायचे गावच्या शिंप्याने. जाड कापड साध्या मशीनवर कसे चालवावे, रिव्हेट कसे ठोकावे हे शिंप्यांना शिकवावे लागले. रीनोच्या दुकानात डेव्हिसने केले तेच काम आता तालुक्याच्या बाजारपेठेत होऊ लागले. तिकडे फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर स्वस्त जीन्सचे आगर बनले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ठाणे जिल्ह्यात जुना आहे. धुलाई कारखान्यांचे निळे पाणी वालधुनी नदीत गेले, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर त्यातले अनेक बंद करावे लागले.

आज इमारतीच्या पायटावर चढणारा बिगारी, मालाच्या टेम्पोवरचा हमाल आणि घरपोच जेवण पोहोचवणारा मुलगा असे सगळे जीन्समध्ये असतात. उल्हासनगरसारख्या बाजारांतून येणाऱ्या या जीन्सचे कापड पातळ असते, त्यात ताणणारा धागा मिसळलेला असतो. रिव्हेट बहुधा शोभेचे असतात आणि खिशाचा कोपरा सहा महिन्यांत उसवतो.