लाट कोणत्या अंशापासून? सोलापूरच्या उन्हाळ्याच्या निमित्ताने

एप्रिल-मे महिन्यांत 'उष्णतेची लाट येण्याची शक्यता' हे शब्द बातम्यांमध्ये वरचेवर ऐकू येतात. सोलापूरकराला त्याचे फारसे नवल वाटत नाही, कारण इथे मे महिन्यातल्या कमाल तापमानाची सरासरीच ४० अंश सेल्सिअसच्या थोडी वर आहे. मग नेहमीचा उन्हाळा कोठे संपतो आणि 'लाट' कोठे सुरू होते? ही सीमा कशी ठरली, हे समजून घेण्यासारखे आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ ही त्यामागची कारणे होती. त्यामुळे खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे मुख्य प्रश्न दोनच होते : वादळ कधी येणार आणि पाऊस किती पडणार. वादळाने जहाजे बुडत, पाऊस हुकला की शेतसारा बुडे. उन्हाने माणसे दगावत, पण एकेकटी. आणि मृत्यूचे कारण म्हणून ऊन क्वचितच लिहिले जाई. मोसमी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घ पल्ल्याचा अंदाज १८८६ साली निघाला. उन्हाळ्याच्या तापमानाचा ऋतुभराचा अंदाज मात्र २०१६ पासून देण्यात येऊ लागला. दोहोंमध्ये १३० वर्षांचे अंतर आहे.

या काळात तापमानाच्या नोंदी मात्र रोज होत होत्या. उन्हात ठेवलेला तापमापी हवेचे नव्हे, तर स्वतःच्या तापलेल्या काचेचे तापमान दाखवतो. म्हणून भारतातील वेधशाळांत सुरुवातीला गवताने शाकारलेल्या, बाजूंनी मोकळ्या छपराखाली तापमापी टांगत. पुढे त्यांची जागा थॉमस स्टीव्हन्सन यांनी योजलेल्या, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीने घेतली. तिच्यातल्या कमाल तापमापीची नळी ताप मोजण्याच्या तापमापीसारखी एका जागी चिंचोळी असते. त्यामुळे वर चढलेला पारा आपोआप खाली उतरत नाही आणि दिवसाचे सर्वाधिक तापमान नंतरही वाचता येते.

अशा ३० वर्षांच्या नोंदींवरून त्या ठिकाणची 'सरासरी' काढतात. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. लाटेची व्याख्या या सरासरीवरच उभी आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावे. अथवा ते थेट ४५ अंशांवर पोचावे. उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस असे घडले, की लाट जाहीर होते. सोलापूर दख्खनच्या पठारावर असले तरी या हिशोबात ते 'मैदानी' भागातच मोडते.

आता साधे गणित करू. पुण्याची मे महिन्याची सरासरी ३७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे तिथे ४२ अंश हे लाटेचे तापमान झाले. सोलापुरात त्यासाठी ४५ अंशांच्या जवळ जावे लागते. सोलापुरात आठवडाभर ४३ अंश राहिले, तरी व्याख्येप्रमाणे ती लाट नव्हे!

या व्याख्येमागे कारण आहे. शरीर नेहमीच्या उष्णतेला काही प्रमाणात सरावते. अचानक झालेली वाढ अधिक बाधते. पण सरावालाही मर्यादा आहे. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली, की ती शरीराला उष्णता देऊ लागते. मग थंड होण्याचा मार्ग एकच उरतो, घामाचे बाष्पीभवन. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर उडतो, की किती पाणी गेले हे कळतही नाही. शिवाय हवामान तापत चालले, की ३० वर्षांची सरासरीही वर सरकते आणि तेवढ्याच उन्हातला 'जास्तीचा' भाग कमी दिसू लागतो.

अंदाज कसा बांधतात? मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य सोलापूरच्या डोक्यावर येतो. समुद्र अडीचशे किलोमीटरहून दूर, मध्ये सह्याद्री. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. पण जमिनीत ओलच नसेल, तर ही उष्णता हवा तापवण्यात जाते. त्यात उंचावर उच्च वायुभाराचे क्षेत्र ठाण मांडून बसले, की हवा खाली उतरते आणि दाबली जाऊन किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी तापते. ढगही बनत नाहीत. जमिनीवरच्या तापमापीला हे आधी कळत नाही. फुग्यांवरची उपकरणे, उपग्रह आणि संगणकीय प्रारूपे यांच्यामुळे ते चार-पाच दिवस आधी दिसू लागले.

अंदाजाचे मोल कळायला मात्र माणसे गमवावी लागली. १९९८ साली ओडिशात २,००० हून अधिक लोक उष्माघाताने दगावले. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या मोजणीत आढळले. २०१३ साली त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. तिच्यात नागरिकांना वेळेवर इशारा, पिण्याच्या पाण्याची सोय आणि रुग्णालयांची तयारी यांवर भर होता.

सोलापूरच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आणि पत्र्याच्या घरात विड्या वळणाऱ्या बायकांपर्यंत असा इशारा पोचायला हवा, आणि तो केवळ 'लाट' या शब्दाची वाट पाहणारा नसावा. स्टीव्हन्सनच्या पेटीतला आकडा सावलीतल्या मोकळ्या हवेचा असतो. तापलेल्या पत्र्याखालचा नव्हे.

हे विद्यार्थ्यांना मोजून पाहता येईल. एक तापमापी व्हरांड्याच्या सावलीत आणि दुसरा पत्र्याच्या छपराखाली टांगा. मार्चपासून रोज दुपारी अडीच वाजता दोन्ही वाचा आणि त्याच दिवसाचे वेधशाळेचे कमाल तापमान शेजारी लिहा. शक्य असल्यास पत्र्याला वरून चुना लावून फरक पाहा. ही वही दर वर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवली, तर काही वर्षांत शाळेची स्वतःची सरासरी तयार होईल.