ड्रोनचा हेतू कोण तपासणार?

रोज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याने ड्रोनच्या निर्यातीवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा प्रश्न यंत्राचा कमी आणि हेतूचा जास्त आहे. आणि हेतू हा तत्त्वज्ञानाचा जुना विषय.

आधी इतिहास बघू. १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा टंचाईतून आला; युद्धकाळातली बंधनं त्याने पुढे चालू ठेवली. १९८७ साली सात औद्योगिक राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था उभी केली आणि मोजमाप आलं : ३०० किलोमीटर पल्ला, ५०० किलो भार. वैमानिकरहित विमानंही त्याच मापात बसवली. त्याची झळ आपल्यालाही लागली. उपग्रह सोडण्यासाठी आपण रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घेत होतो. १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले. शेवटी रशियाने तयार इंजिनं दिली, तंत्रज्ञान दिलं नाही. 'आमचा हेतू नागरी आहे' हे आपलं म्हणणं कोणी मानलं नाही.

जून २०१६ मध्ये आपण त्याच व्यवस्थेचे सदस्य झालो. दाराबाहेर ताटकळणारा आता दारावर उभा राहिला.

आणि मग २३ जून २०२३. विदेश व्यापार महासंचालनालयाने स्कोमेट यादीतला, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामी येणाऱ्या वस्तूंच्या यादीतला, नियम सैल केला. पल्ला २५ किलोमीटरपर्यंत, भार २५ किलोपर्यंत आणि वापर केवळ नागरी, अशा ड्रोनसाठी दर खेपेला वेगळा परवाना नको. तीन वर्षांची एक सर्वसाधारण परवानगी पुरे. माल गेल्यावर कळवायचं. गंमत बघा, त्याच वर्षी ३१ जुलैला चीनने आपल्या ड्रोनवरची बंधनं आवळल्याचं जाहीर केलं.

आता पल्ला मोजता येतो, भार तोलता येतो. 'नागरी' कसं मोजणार? लालबागच्या गर्दीवर लक्ष ठेवणारा कॅमेरा सरहद्दीवरचा खंदकही तितकाच स्वच्छ बघतो. शेतावर औषध फवारणारा ड्रोन दुसरंही काही टाकू शकतो. म्हणजे नागरीपण यंत्रात नसतं, ते वापरणाऱ्याच्या हातात असतं. आणि तो हात परदेशात.

तरीही नियम सैल केला हे मला योग्य वाटतं. सगळ्यांवर संशय घेतला की प्रामाणिक माणूस आधी भरडला जातो, हे आपण १९९२ ला अनुभवलंय. पण नंतर येणारा अहवाल कोणीतरी वाचला पाहिजे. न वाचता फायलीत लावलेल्या कागदाला विश्वास म्हणत नाहीत, दुर्लक्ष म्हणतात.